केपलर-७८बी कशाचा बनलाय? तृतीय वर्षाच्या प्रकल्पाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, अमळनेर

विषय आज पक्का झाला. तृतीय वर्षाच्या तिघांनी मिळून दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या एका लहान ग्रहाची त्रिज्या काढायची, वस्तुमान काढायचं, त्यावरून घनता काढायची. मग तो ग्रह दगडाचा, लोखंडाचा की वायूच्या दुलईतला, हे कितपत सांगता येतं ते पाहायचं. मोठी दुर्बीण आपल्याकडे नाही, पण डेटा भरपूर आहे. केपलर अवकाश दुर्बिणीने २००९ ते २०१३ या काळात हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांच्या दिशेला टक लावून जी मोजमापं घेतली, ती कुणालाही फुकट उतरवून घेता येतात.

ग्रह ठरला केपलर-७८बी. त्याचं वर्ष फक्त साडेआठ तासांचं. इतक्या कमी वेळात फेरी होत असल्यामुळे तीन महिन्यांच्या नोंदींत अडीचशेच्या वर अधिक्रमणं, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याच्या घटना, मिळतात, आणि पहिल्यांदाच हे काम करणाऱ्या मुलांना तेवढा आधार हवा.

काम किती नाजूक आहे हे कळावं म्हणून फळ्यावर आपल्याच सूर्यमालेचे आकडे लिहिले. दूरवरून कुणी पाहत असेल, तर पृथ्वी सूर्यासमोरून जाताना सूर्याचा प्रकाश दहा लाखांत ८४ भागांनी कमी होईल. पृथ्वीच्या ओढीने सूर्य सेकंदाला ९ सेंटिमीटर इतकाच डुलतो, तर गुरूमुळे साडेबारा मीटर. नरडाण्याहून पॅसेंजरने येणारी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, ९ सेंटिमीटर कोण मोजणार?" आजच्या घडीला ते कुणालाच खात्रीने जमलेलं नाही, म्हणूनच आपण ताऱ्याला चिकटून फिरणारा ग्रह घेतोय.

वहीसाठी नियम एकच: प्रत्येक आकड्याशेजारी त्याची अनिश्चितता लिहायची. नाही लिहिली, तर आकडा खोडायचा. वर्तमानपत्रांत 'पृथ्वीचं जुळं भावंड सापडलं' अशा बातम्या येतात आणि ही मुलं त्या मनापासून वाचतात. सहा महिन्यांनी अशी बातमी वाचताना त्यांच्या तोंडून आधी 'कितपत खात्रीने?' हा प्रश्न आला, तर प्रकल्प सार्थकी लागला असं मी म्हणेन.

२ डिसेंबर

पायथन आणि लाइटकर्व्ह ही साधनं तिघांच्याही लॅपटॉपवर चालली. केपलर-७८ च्या प्रकाशाचा ग्राफ काढला, तर ग्रहाचा पत्ताच नाही. दिसते ती साडेबारा दिवसांची संथ चढउतार, जवळपास एक टक्क्याची. हा तारा स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्यावर सूर्यापेक्षा कितीतरी जास्त डाग आहेत, त्यांची ही लाट. अधिक्रमण त्याच्या पन्नासाव्या हिश्शाएवढं.

लाट वजा केली. मग वेळेचा अक्ष ०.३५५ दिवसांनी फोल्ड केला, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकमेकींवर रचल्या. चोपड्याच्या मुलाच्या स्क्रीनवर आधी ठिपक्यांचा नुसता पट्टा होता. सरासरी घेतल्यावर मधोमध एक खळगा उमटला. तो बघायला शेजारच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले लोक आले. खोली सुमारे ०.०२ टक्के.

खळग्याच्या कडा तिरप्या दिसतात, त्याचंही कारण आहे. ग्रह ताऱ्यासमोरून जायला सुमारे ४९ मिनिटं लागतात आणि केपलरची एक नोंद जवळपास अर्ध्या तासाची सरासरी असते. आत शिरणं आणि बाहेर पडणं त्या सरासरीत विरघळतं.

९ डिसेंबर

पारोळ्याचा मुलगा आठवडाभर नाही. कापूस वेचणीला माणसं मिळत नाहीत, घरचे सगळे शेतात. त्याच्या वाट्याचं काम थांबवून ठेवलं. त्यानेच करायचं आहे ते.

२० डिसेंबर

त्रिज्या. खळग्याची खोली म्हणजे ग्रहाच्या आणि ताऱ्याच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग. ०.०००२ चं वर्गमूळ ०.०१४१. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या ०.७४ पट, सूर्याची पृथ्वीच्या १०९ पट. गुणाकार केला की १.१४ येतं. प्रसिद्ध झालेली मूल्यं १.१७ आणि १.२० अशी आहेत. कडा विरघळल्यामुळे सरासरी खोली थोडी कमी भरते, त्या मानाने १.१४ चांगलं आहे.

घोडं पेंड खातं ते ०.७४ पाशी. तो आकडा आम्ही मोजलेला नाही, ताऱ्याच्या अभ्यासातून उसना घेतलाय. दुर्बीण फक्त गुणोत्तर देते. ताऱ्याची त्रिज्या पाच टक्के चुकली, तर ग्रहाचीही पाच टक्के चुकते. घनतेत त्रिज्येचा घन असल्यामुळे तिथे चूक पंधरा टक्क्यांवर जाते. २०१८ मध्ये गाया यानाने असंख्य ताऱ्यांची अंतरं बारकाईने मोजून दिली, त्यावरून ताऱ्यांच्या त्रिज्या सुधारल्या आणि एकही नवीन अधिक्रमण न पाहता शेकडो ग्रहांचे आकार बदलले. मुलांना हे फार विचित्र वाटलं. मला यातली ही सर्वात सुंदर गोष्ट वाटते: ग्रह कळायला आधी त्याचा तारा नीट कळावा लागतो.

६ जानेवारी २०२५

आता वस्तुमान. ग्रह ताऱ्याला ओढतो, तारा किंचित पुढे-मागे होतो, त्याच्या वर्णपटातल्या रेषा किंचित निळ्या-तांबड्या बाजूला सरकतात. सेकंदाला १ मीटर वेग असेल, तर ५००० अँगस्ट्रॉम तरंगलांबीची रेषा किती सरकेल, हे पारोळ्याच्या मुलाने फळ्यावर काढलं: ०.००००१७ अँगस्ट्रॉम. कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलचा साधारण हजारावा भाग. एका रेषेवरून हे दिसणं शक्यच नाही. हजारो रेषांचं सरकणं एकत्र मोजलं की जमतं, आणि त्यासाठी उपकरणाचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत स्थिर ठेवावं लागतं. शिवाय पृथ्वीच सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावतेय, तो वेग आधी अचूक वजा करायचा.

अशी यंत्रं आपल्याकडेही आहेत, हे मुद्दाम सांगितलं. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचा 'पारस' वर्णपटमापक माउंट अबूच्या गुरुशिखरावर आहे. २०१८ मध्ये त्यानेच पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमानाच्या आणि ६ पट त्रिज्येच्या एका ग्रहाचं वजन केलं. त्याच्या पुढची आवृत्ती, पारस-२, अडीच मीटरच्या दुर्बिणीवर बसवली आहे. तिने २०२४ मध्ये टीओआय-६६५१बी हा ग्रह मोजला: वस्तुमान ६१ पृथ्व्यांएवढं, त्रिज्या पाच पट. आपल्या विषयाच्या मानाने तो मोठा आहे, पण वस्तुमान आणि त्रिज्येच्या आमच्या आलेखाच्या कडेला त्याला जागा द्यायची असं तिघांनी ठरवलं. अमळनेरहून सुरतच्या गाडीत बसलं की पुढे अहमदाबाद. इतक्या जवळ हे काम चालतं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

केपलर-७८ चे वेग दोन गटांनी मोजले. एका गटाने हवाईतल्या दहा मीटरच्या केक दुर्बिणीवरच्या हायरेस उपकरणाने, दुसऱ्याने ला पाल्मा बेटावरच्या हार्प्स-एन ने. पहिल्यात ताऱ्याचा प्रकाश आयोडीनच्या वाफेतून जातो आणि त्या वाफेच्या रेषा मोजपट्टीचं काम करतात. दुसऱ्यात निर्वात कोठीतलं यंत्र आणि शेजारी वेगळ्या दिव्याचा वर्णपट. यंत्रं वेगळी, माणसं वेगळी, गणिती पद्धत वेगळी. दोन्ही निकाल २०१३ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले: १.६९ आणि १.८६ पृथ्वी-वस्तुमान. अनिश्चितता पाहता दोन्ही सहज जुळतात. ताऱ्याचा वेग दोन्हीकडे सेकंदाला पावणेदोन-दोन मीटरच्या घरात, म्हणजे आपण भरभर चालतो तेवढा, आणि तारा सुमारे ४०० प्रकाशवर्षं दूर!

१३ जानेवारी

हायरेसच्या प्रसिद्ध तक्त्यातले वेग घेऊन त्यांच्यावर स्वतः वक्र बसवायला, म्हणजे फिट करायला बसलो. ताऱ्याचे डाग इथेही आडवे आले. डाग ताऱ्याच्या एका बाजूचा प्रकाश अडवतात, त्यामुळे रेषांचा आकार बिघडतो आणि तारा हलला नसतानाही हलल्यासारखा दिसतो. हा खोटा वेग ग्रहाच्या खऱ्या वेगाच्या कित्येक पट.

सुटका झाली ती त्या साडेआठ तासांच्या वर्षामुळे. एका रात्रीत ग्रह अर्धी-पाऊण फेरी मारतो, तेवढ्या वेळात डाग जागचे फारसे हलत नाहीत. मग प्रत्येक रात्रीला तिची स्वतंत्र सरासरी द्यायची आणि त्या रात्रीपुरता चढउतार पाहायचा. नरडाण्याच्या मुलीने हे सुचवलं, मी सांगायच्या आत. तज्ज्ञही हाच मार्ग वापरतात, हे मी नंतर सांगितलं. आमचा फिट दीड ते दोन मीटरच्या मध्ये आला. अधिक्रमण दिसतंय म्हणजे कक्षा आपल्याला जवळपास कडेवरून दिसते, तेव्हा कक्षेच्या तिरपेपणाचा घोळ नाही. नुसत्या वेगावरून सापडलेल्या ग्रहांचं मात्र किमान वस्तुमानच कळतं.

१ फेब्रुवारी, चोपडा तालुका

चोपड्याच्या मुलाच्या शेतावर रात्रीचा मुक्काम. तिघंही होते, आमचे प्रयोगशाळा सहायक आणि त्यांचं कुटुंबही होतं. जेवायला कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. संध्याकाळी पश्चिमेला शुक्राजवळ चंद्राची कोर होती, ती लवकर मावळली आणि सातपुड्याच्या बाजूचं आकाश काळंभोर झालं. मिथुनेत मंगळ लालबुंद.

बघायचा होता ५५ कर्क हा तारा. नुसत्या डोळ्यांनी दिसतो म्हणायला, तेजस्वितेची प्रत ५.९५. साडेबाराच्या सुमारास तो जवळपास डोक्यावर, माथ्यापासून उत्तरेला ७ अंशांवर येतो. पुष्याच्या धूसर पुंजक्यावरून उत्तरेकडे आयोटा कर्क गाठायचा, तिथून पूर्वेला जेमतेम दीड अंश. द्विनेत्रीच्या एकाच दृश्यात दोघं मावतात. केळीच्या बागेतून गार ओल येत होती, दर पाच मिनिटांनी काचांवर दव. पुसायचं, बघायचं, पुढच्याच्या हातात द्यायचं. नरडाण्याच्या मुलीला सापडायला बराच वेळ लागला. सापडल्यावर तिने द्विनेत्री सोडली नाही.

या ताऱ्याला पाच ग्रह आहेत. त्यांतला सर्वात आतला, ५५ कर्क ई, पृथ्वीच्या ८ पट वजनाचा आणि त्याचं वर्ष पावणेअठरा तासांचं. मी हे सांगत असताना मुलाची आजी खाटेवरून ऐकत होती. तिने विचारलं, "ताई, तठे पानी शे का?"

त्या ग्रहावर दगड वितळेल इतकी उष्णता आहे, पाणी टिकणार नाही, असं मी सांगितलं. दुसऱ्या एखाद्या ग्रहावर असेल का, हे तिने पुढे विचारलं. हेच तर सांगणं सगळ्यात अवघड आहे. सगळ्या खानदेशाला उन्हाळ्यात पडणारा हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांनाही जगभर पडलेला आहे. त्यावर वेगळी नोंद लिहायची आहे.

१० फेब्रुवारी

५५ कर्क ई ची हकिगत मुलांकडून गणितासह करून घेतली, कारण तिच्यासारखा धडा नाही. २००४ मध्ये हा ग्रह सापडला तेव्हा त्याचं वर्ष २.८ दिवसांचं मानलं गेलं. सहा वर्षं सगळे तेच धरून चालले. २०१० मध्ये रेबेका डॉसन आणि डॅनियल फॅब्रिकी यांनी दाखवलं की खरा काळ ०.७४ दिवस आहे.

फळ्यावर: २.८१७ चा व्यस्त ०.३५५०. ०.७३६५४ चा व्यस्त १.३५७७. वजाबाकी १.००२७. हा आकडा कुठला, असं विचारून मी थांबले. पारोळ्याच्या मुलाने बऱ्याच वेळाने म्हटलं, "नाक्षत्र दिवस, मॅडम." बरोबर. तारा २३ तास ५६ मिनिटांनी पुन्हा त्याच जागी येतो आणि जमिनीवरची दुर्बीण रात्रीच पाहते. दिवसातून एकदाच पाहिलं, तर दिवसात १.३५७७ फेऱ्या मारणारा ग्रह ०.३५५० फेऱ्या मारल्यासारखा भासतो. काळ बदलला तसं वस्तुमान खाली आलं. इतकंच नव्हे, तर नव्या काळाप्रमाणे अधिक्रमण दिसण्याची शक्यता वाढली, आणि २०११ मध्ये स्पिट्झर आणि कॅनडाच्या मोस्ट या दुर्बिणींना ते दिसलंही. डेटा जुनाच होता, कुणीतरी तो पुन्हा नीट पाहिला.

२० फेब्रुवारी

घडण. आजचा दिवस या प्रकल्पातला सर्वात मोलाचा.

दगडी ग्रहांसाठी ली झेंग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक सुटसुटीत सूत्र दिलंय. पृथ्वीच्या एककांत त्रिज्या म्हणजे, १.०७ मधून लोखंडी गाभ्याच्या वाट्याची ०.२१ पट वजा करायची आणि वस्तुमानाच्या १/३.७ घाताने गुणायचं. पृथ्वीचा गाभा वजनाने सुमारे एक तृतीयांश, तो घातला की उत्तर बरोबर १ येतं. सूत्र चालतं १ ते ८ पृथ्वी-वस्तुमानांपर्यंत.

केपलर-७८बी साठी हायरेस गटाचे आकडे घातले, वस्तुमान १.६९, त्रिज्या १.२०: गाभा १४ टक्के. हार्प्स-एन गटाचे घातले, १.८६ आणि १.१७३: गाभा ३७ टक्के. वर्गात शांतता. एका उत्तरात पृथ्वीच्या निम्म्याहून कमी लोखंड, दुसऱ्यात पृथ्वीपेक्षा जास्त. दोन गट एकमेकांशी सहमत, तरी घडणीचं चित्र इतकं वेगळं.

कारण अनिश्चिततेत आहे. पहिल्या गटाच्या वस्तुमानात ±०.४१, म्हणजे २४ टक्के. त्रिज्येत ±०.०९, साडेसात टक्के, घन केल्यावर साडेबावीस. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की घनतेत ३३ टक्के. घनता घन सेंटिमीटरला ५.३ ग्रॅम, पण ३.७ पासून ७.३ पर्यंत कुठेही असू शकते. ३.७ म्हणजे मंगळापेक्षाही कमी, ७.३ म्हणजे बुधाच्या कितीतरी वर. 'पृथ्वीसारखी घनता' हे वाक्य खोटं नाही, पण या पट्ट्याशिवाय ते अर्धंच आहे. वही उघडून मुलांनी स्वतः हा पट्टा रंगवला. मला आणखी काही बोलावं लागलं नाही.

मग ५५ कर्क ई. वस्तुमान ७.९९, त्रिज्या १.८७५, दोन्ही पाच टक्क्यांच्या आत मोजलेले, घनता ६.७ च्या जवळ. आकडा पृथ्वीपेक्षा मोठा, म्हणून चोपड्याचा मुलगा म्हणाला की लोखंड जास्त असणार. सूत्रात घातलं: गाभा जवळपास शून्य! आठ पृथ्व्यांचं वजन स्वतःच्याच भाराने आतला दगड दाबून घट्ट करतं, त्यामुळे इतक्या मोठ्या ग्रहाची घनता ६.७ असणं म्हणजे तो खरं तर हलकाच. लोखंडाशिवायचा ग्रह बनणं कठीण, कारण त्याच्या ताऱ्यात लोखंड सूर्यापेक्षा जास्त आहे. तेव्हा वर काहीतरी हलकं असावं. २०१२ मध्ये याच ग्रहावर हिऱ्यांचा मोठा साठा असू शकतो असं एक प्रारूप मांडलं गेलं, ताऱ्यातल्या कार्बनच्या प्रमाणावरून. पुढच्याच वर्षी ते प्रमाण नव्याने मोजल्यावर त्याचा पाया डळमळला. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून लाव्हाच्या समुद्रावर कार्बन मोनॉक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइडचं वातावरण असावं असे संकेत मिळाले. सूत्रातलं ते शून्य याच्याशी जुळतं.

५ मार्च

ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याचे सात ग्रह आलेखावर टाकले. यांचं वजन वर्णपटाशिवाय झालंय. सात जण एकमेकांना ओढतात, त्यामुळे अधिक्रमणं काही मिनिटं लवकर-उशिरा होतात, आणि त्या फरकावरून प्रत्येकाचं वस्तुमान निघतं. २०२१ पर्यंत अनिश्चितता तीन ते पाच टक्क्यांवर आली. सातही ग्रहांची घडण जवळपास सारखी आणि पृथ्वीच्या घडणीचे असते तर जेवढे भरले असते त्यापेक्षा सुमारे आठ टक्के कमी घन. मग लोखंड ३२ ऐवजी २१ टक्के? की लोखंड सगळं गंजून दगडात मिसळलंय? की वर पाणी आहे? तिन्ही उत्तरं त्याच रेषेवर बसतात. आजींना द्यायचं उत्तर इथेच अडकतं.

दीड ते दोन पृथ्वी-त्रिज्यांच्या मध्ये ग्रह कमी सापडतात, ही २०१७ मध्ये स्पष्ट झालेली दरीही आमच्या आलेखावर दिसली. दरीच्या खाली बहुतेक दगडी, वर बहुतेक जाड आवरणाचे.

२२ मार्च

सादरीकरण झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वात जास्त वेळ केपलर-७८बी च्या दोन गाभ्यांवर घालवला. नरडाण्याच्या मुलीने उत्तरं दिली.

१९ एप्रिल

परीक्षा चालू असतानाही पारोळ्याच्या मुलाने बातमीचं कात्रण पाठवलं. के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात जीवसृष्टीशी जोडता येईल अशा रेणूचे संकेत, केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाकडून. खाली त्याने लिहिलं होतं: "मॅडम, तीन सिग्मा म्हणतायत. पाच नाहीत."

आलेखाची फाइल उघडून ग्रह त्यात बसवला. वस्तुमान ८.६ ± १.४, त्रिज्या २.६, घनता २.७ च्या आसपास. पाण्याचा मोठा वाटा असलेला ग्रह इथे बसतो, दगडी गाभ्यावर हायड्रोजनचं आवरण असलेलाही इथेच. घनता यापुढे काही सांगत नाही. पुढचं काम वातावरणाच्या वर्णपटाचं, आणि तिथे तीन सिग्मा म्हणजे नुसत्या योगायोगाची शक्यता हजारात तीन. खगोलशास्त्रात एवढ्यावर दावा पक्का धरत नाहीत.

जूनमध्ये नवे विद्यार्थी आले की सुरुवात जी-जे ३६७बी या ग्रहापासून. पृथ्वीच्या ०.६३ पट वजनाचा, घनता १० च्या वर, वर्ष ७.७ तासांचं, जवळपास निखळ लोखंड. झेंग यांचं सूत्र त्याच्यासाठी चालत नाही, वस्तुमान १ च्या खाली आहे. त्यामुळे दाब आणि घनतेची समीकरणं थरामागून थर स्वतः सोडवावी लागतील. चोपड्याच्या मुलाने त्याचा कोड लिहायला घेतलाय. एमएस्सीला प्रवेश मिळाला तरी जूनपर्यंत पूर्ण करून देईन म्हणतो.